शिवी एकाची, गप्प बसलेले दोघे

पोस्ट मोठी आहे. आपल्या कराड-पाटण भागातले जे कोणी बीजीएमआय, फ्री फायर खेळतात त्यांनी वाचा, आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचा. जे खेळत नाहीत त्यांनी वाचली तर अजून बरं, कारण गणपतीतली गेमिंगची स्पर्धा तुमच्या वर्गणीतूनच होणार आहे.

आधी स्वतःची चूक सांगतो. नाहीतर लगेच कमेंट येईल की हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणारा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुकान बंद करून, जेवून, रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही नेहमीचे तिघं ऑनलाइन आलो. चौथा कोणी नव्हता म्हणून रँडम घेतला. आवाजावरून चौदा-पंधराचा पोरगा असेल. पाटणच्या वरच्या अंगाला कुठल्या तरी वाडीत राहणारा. वडिलांच्या फोनवर खेळत होता, नेट येत-जात होतं, आणि फोन तापला की गेम अडकायचा. हे त्यानं स्वतःच आधी सांगितलं, म्हणजे बिचाऱ्यानं आगाऊ माफीच मागून ठेवली होती. "दादा, मी मागनं येतो, मला संभाळून घ्या."

पोचिंकीत उतरलो. पहिल्याच फाइटला त्याचा फोन अडकला आणि तो नॉक झाला. त्याला उचलायला गेलेला आमचा आयजीएल पण नॉक झाला. आणि मग आमचा आयजीएल सुरू झाला. काय बोलला ते इथं लिहीत नाही. तुम्हाला माहितीय. आईवरून सुरुवात, बहिणीवरून मध्य, आणि मधे "गाव कुठलं, आडनाव काय रे तुझं" हा आपल्याकडचा खास प्रश्न. पोरगा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आई हितंच बसलीया. हेडफोन नाय माझ्याकडं, स्पीकर चालू हाय."

आमचा आयजीएल क्षणभर थांबला. मग हसला. आणि मग त्याच्या आईला उद्देशून अजून एक वाक्य बोलला.

मी काय करत होतो? मी एका क्रेटमधून सिक्स-एक्सचा स्कोप उचलत होतो. तिसरा मित्र "झोन येतोय, चला चला" म्हणत होता. पोरगा मॅच सोडून गेला. आम्ही त्यानंतर अजून तीन मॅच खेळलो. एकात चिकन डिनर मिळालं. मी त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकला.

वय वर्षे चौतीस माझं. दुकानात गिऱ्हाइकाशी "अहो-जाहो" करणारा माणूस मी.

आता जरा विचार करा. पावसाची रात्र, डोंगरातली वाडी. दिवसभर कुणाच्या तरी रानात लावणी करून आलेली बाई टेकलीय, शेजारी पोरगं फोनवर खेळतंय. आणि तिच्या नवऱ्याच्या फोनमधून एक अनोळखी पुरुष तिच्या घरात बसून तिच्याबद्दल ते बोलतो. हेच वाक्य कोणी तिच्या अंगणात उभं राहून बोललं असतं तर वाडी गोळा झाली असती. फोनमधून बोललं की "गेम आहे रे, मनावर घेऊ नको."

म्हणून हिशोब मांडला. स्क्वाडमध्ये चार जण. एक शिवी देणारा, एक खाणारा. उरले दोन. गेमिंगमधल्या शिवीगाळीवर बोलताना सगळे पहिल्याबद्दल बोलतात, की तो किती नालायक, त्याच्यावर संस्कार नाहीत. काही जण दुसऱ्याला उपदेश करतात, की तू खंबीर हो. उरलेल्या दोघांबद्दल कोणी बोलत नाही. माझं भांडण त्या दोघांशी आहे, कारण त्यातला एक मी होतो आणि त्यातले बहुतेक तुम्ही आहात.

हे मी हवेत बोलत नाही. लीग ऑफ लेजंड्स नावाचा गेम काढणाऱ्या रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनं यावर बरीच वर्षं डोकं घातलंय. 2011 मध्ये त्यांनी खेळाडूंनाच पंच नेमून तक्रारींवर मत द्यायला लावलं. 2012 मध्ये चांगलं वागणाऱ्याला सोबतच्या खेळाडूंनी शाबासकी द्यायची सोय केली. चॅट तपासताना त्यांना दिसलं की बहुतांश घाण ही पट्टीच्या शिवराळांची नव्हतीच. तसे लोक थोडे होते. जास्त घाण होती ती एरवी नीट खेळणाऱ्या, त्या दिवशी डोकं फिरलेल्या साध्या माणसांची. आमचा आयजीएलही तसाच. कुणाच्या मयताला पहिला पोचणारा, रक्तदानाला रांगेत पुढे असणारा. तो राक्षस नाही. त्याला फक्त एवढं कळलंय की या जागेत असं बोललं तरी कोणी काही म्हणत नाही.

आता विषयाला येतो. यंदाही मंडळ स्पर्धा घेतंय. प्रवेश फी नाही, बक्षीस मंडळाकडून, सगळे एकाच हॉलमध्ये बसून कस्टम रूममध्ये खेळणार, बाहेर स्क्रीनवर लोक बघणार. उपक्रम चांगलाच आहे, मी पहिल्या वर्षापासून त्यात आहे. पण गेल्या वर्षी काय झालं ते हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकलंय. दोन कॉलेजच्या मुली एका टीममध्ये होत्या. त्यांच्यातली एक नॉक झाली की मागच्या रांगेतून काय आवाज यायचे, आणि माइकवर कॉमेंट्री करणारा ते ऐकून कसा हसायचा, हे मी पुन्हा सांगत नाही. त्या मुली तिसरी मॅच खेळल्याच नाहीत. नेट गेलं म्हणाल्या. नेट माझ्या राउटरवर होतं हो, गेलं नव्हतं.

तर परवाच्या मीटिंगमध्ये त्यावर उपाय निघाला. उपाय काय, तर मुलींना घ्यायचं असेल तर त्यांनी माइक बंद ठेवून खेळावं, नावं मुलांसारखी घ्यावीत, म्हणजे वादच नको. आणि सात-आठ माना डोलल्या.

या वेळी मी गप्प बसलो नाही, म्हणून ही पोस्ट.

अरे, शिवी देणार तुम्ही आणि तोंड बंद ठेवणार त्या? ही कुठली वाटणी? आणि हा उपाय काही नवा नाही. माझी मामेबहीण चार वर्षं हेच करतेय. साताऱ्यात कॉलेजला आहे, स्नायपर तर अशी चालवते की माझ्यासारख्यानं बघत बसावं. आयडीत मुलाचं नाव, माइक कायम बंद. एकदा चुकून चालू राहिला आणि आईला "आले गं" म्हणाली. पुढचे पंधरा मिनिटं लॉबीतले तिघं तिचा नंबर मागत होते. तिनं नकार दिल्यावर मग जे व्हायचं ते झालं. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? "म्यूट करायचं ना." शाबास रे दादा.

म्यूटबद्दल बोलतोच आता, कारण प्रत्येक जण हेच सांगतो. म्यूट करा, रिपोर्ट करा, बटन आहे. आहे की बटन. पण खेळणाऱ्याला विचारा. चौघांच्या गेममध्ये एनिमी कुठल्या घरात आहे, कोण कुठून रश करतोय, हे सगळं आवाजावर चालतं. सोबत्याला म्यूट करून खेळणं म्हणजे एक कान बांधून खेळणं. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच अजून एक तोटा सोसायचा, आणि ज्यानं केला त्याचा माइक चालू. वर हरल्यावर पुन्हा "पोरींना खेळता येत नाही" आहेच.

कोणाला वाटेल की हे मोबाइल गेम, बंदुका, त्यामुळेच पोरं बिघडतात. मग बुद्धिबळाकडे बघा. बंदूक नाही, माइक नाही, पटावर शांतता. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समध्ये वाइक आन झेला खेळून आली आणि तिनं जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच बोलतात. अठरा वर्षांची होती तेव्हा. जुलै 2025 मध्ये त्याच पोरीनं बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला तिचा फोटो होता, माझ्याही. तिनं तक्रार केली त्या दिवशी किती जणांच्या स्टेटसला होता? माझ्या नव्हता.

मग आपला लाडका मुद्दा, "आमच्याकडं शिवी म्हणजे प्रेम." हे मलाही मान्य आहे, अर्धं. माझा शाळेतला दोस्त मला नावानं हाक मारत नाही, ज्यानं मारतो ते छापता येत नाही, आणि त्यानं एक दिवस मला "अहो" म्हटलं तर मी घाबरून जाईन. पण ते नातं वीस वर्षांचं आहे. तो माझ्या आईच्या हातचं जेवलाय. अनोळखी पोराला पहिल्या पाचव्या मिनिटाला आईवरून बोलणं हे प्रेम कुठलं? आणि आडनाव विचारून मग जी शिवी येते तिला काय म्हणायचं? जातीवरून जाहीर अपमान करणं 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बाईची अब्रू काढणारं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 मध्ये. शंभर माणसांच्या हॉलमध्ये बोललेलं तर निस्तरताना नाकी नऊ येतील. तरी मला कोणाच्या सोळा वर्षांच्या पोराला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेला बघायचं नाही. म्हणूनच म्हणतो, आपल्या हातात आहे तोवर आपण थांबवू.

दुसऱ्या बाजूनं पालक मंडळी उभी आहेतच, "ते गेमच बंद करा." काका, ते करून झालंय. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही स्टोअरवरून गेला, 2023 मध्ये परत आला. फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झाला, पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. ही बंदी डेटाच्या आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणानं होती, भाषेशी तिचा संबंध नव्हता. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याचा सगळा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर, आणि त्यानं ई-स्पोर्ट्सला उलट मान्यताच दिली. म्हणजे हा खेळ आता राहणार. दिल्लीहून कोणी येऊन आपल्या पोरांची जीभ सरळ करणार नाही.

आणि काका, राग येऊ देऊ नका, पण पोरं ही भाषा गेममध्ये शिकली नाहीत. निवडणुकीच्या वेळी आपल्या गावच्या ग्रुपवर काय भाषा होती ते स्क्रोल करून बघा. टीव्हीवर संध्याकाळी काय चालतं ते बघा.

दुकानात माझ्याकडे फुटलेले डिस्प्ले येतात. हातातून पडलेला फोन बहुतेक कोपऱ्यातून फुटतो. मधोमध जाळं पडलेला फोन आला की मी विचारत नाही, कळतं. मागे एकाला विचारलं, "हरलास म्हणून आपटला का रे?" तर म्हणाला, "हरलो म्हणून नाय. ते जे बोलले ना, म्हणून." पैसे द्यायला वडील सोबत आले होते. ते म्हणाले, "गेममुळं पोरगं चिडचिडं झालंय." पोरगा काही बोलला नाही. मीही वडिलांना काही सांगितलं नाही. डिस्प्लेचे अठराशे घेतले.

तर मंडळापुढं मी एकच नियम मांडलाय. हॉलमध्ये कोणी आई-बहिणीवरून, जातीवरून किंवा मुलगी आहे म्हणून बोललं तर एकदा ताकीद. दुसऱ्यांदा झालं तर त्या मॅचचे त्या टीमचे सगळे पॉइंट शून्य. त्या माणसाचे नाही, टीमचे. आणि कॉमेंट्रीवाला हसला तर माइक दुसऱ्याकडे.

लगेच आरडाओरडा. एकाच्या चुकीची शिक्षा चौघांना का? गेमची मजा जाईल. पोरं येणार नाहीत.

कबड्डीत काय होतं हो? पंच आधी हिरवं कार्ड दाखवतो, म्हणजे ताकीद. मग पिवळं. पिवळं मिळालेला खेळाडू दोन मिनिटं बाहेर आणि तेवढा वेळ टीम एक माणूस कमी घेऊन खेळते. तिथं कोणी म्हणत नाही की एकाच्या चुकीची शिक्षा बाकीच्यांना का. उलट सोबतचेच त्याला कोपऱ्यात घेतात, "गप की, कार्ड काढतोय तो." मला नेमकं हेच हवंय. उरलेल्या दोघांना बोलायला कारण द्यायचंय. चांगुलपणासाठी मी बोललो नव्हतो हे मी वर कबूल केलंय. पॉइंटसाठी बोललो असतो. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे, आणि नियम खऱ्या माणसांसाठी करायचे असतात.

कुस्तीचं मैदान बघा. तिथं काय कमी ईर्षा असते? पण जोड लागली की आधी हात मिळवतात, एकमेकांच्या अंगाला माती लावतात, आणि वस्तादासमोर वेडंवाकडं बोलायची पहिलवानाची टाप नसते. आमच्या लॉबीत वस्तादच नाही. कंपनी कुठंतरी लांब, आईबाप दाराबाहेर, आणि आत आमच्यासारखे चौतीस वर्षांचे घोडे, ज्यांनी वस्ताद व्हायचं ते स्कोप गोळा करतायत.

मजा जाईल म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. जर्नी नावाचा एक गेम आहे, 2012 मध्ये आला. त्यात वाळवंटात अनोळखी माणूस भेटतो, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. करणाऱ्यांनी आधी त्यात एकमेकांना ढकलता येईल असं ठेवलं होतं. तर चाचणीत लोक एकमेकांना कड्यावरून ढकलायला लागले. त्यांनी लोकांना प्रवचन दिलं नाही. धक्का लागणंच काढून टाकलं. आणि तेच लोक एकमेकांसाठी थांबायला लागले. आमचा गेम वेगळा, गोळ्यांचा आहे, तो तसाच राहू दे. मला कोणाला अहिंसावादी करायचं नाही. एनिमीला खुशाल मारा, लपून मारा, पॅनने मारा. आणि त्यातही गंमत बघा, आपला माणूस नॉक झाला की धूर सोडून, गोळ्या झेलत, गुडघ्यावर बसून आपण त्याला उचलतो. जीव धोक्यात घालून उचलतो. तिथं कोणाला सांगावं लागत नाही.

त्या रात्री मला एवढंच म्हणायचं होतं, "ए, बास झालं, पोरगं लहान आहे." सहा शब्द. आमचा आयजीएल माझ्यापेक्षा लहान आहे, माझं ऐकलं असतं. आता त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू म्हातारा झालास, दादा," आणि दुसऱ्या स्क्वाडमध्ये गेला. मंडळाच्या मीटिंगमध्ये नियमाला सगळ्यात मोठा विरोध त्याचाच आहे. तो ही पोस्ट वाचेल. वाच भावा. फोन कर, भांडू.

नियमावर मतदान रविवारी संध्याकाळी सात वाजता, माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. ज्या टीमना खेळायचंय त्यांनी एक तरी माणूस पाठवा, नाहीतर नंतर बोंबलू नका. मुलींच्या टीमनी तर याच, आणि ज्यांच्या घरी मुली खेळतात त्या पालकांनीही या. चहा माझ्याकडे.

आमच्या स्क्वाडमध्ये आता आम्ही दोघंच उरलोय. एका जागेसाठी मामेबहिणीला विचारलं. ती म्हणाली, "आधी नियम होऊ दे, मग बघू." बरोबर आहे तिचं. दुसरी जागा त्या पाटणकडच्या पोरासाठी ठेवलीय. त्याचा आयडी माझ्याकडे नाही, मॅचची हिस्टरी कधीच गेली. वडिलांच्या फोनवर खेळतो, फोन तापतो, आणि "दादा, संभाळून घ्या" म्हणतो, एवढीच खूण. वरच्या वाड्यांमधल्या मंडळींनी जरा विचारपूस करा. सापडला तर त्याच्या आईचा नंबर मिळाला तरी चालेल, आधी त्यांच्याशी बोलायचंय. फोन मी दुरुस्त करून देतो.